छायाचित्राचा धनी

जुने फोटो हाती आले की मी आधी त्यांची पाठ पाहतो. पुढची बाजू घरच्या माणसांसाठी असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाठीमागे अधिक सापडते. जाड पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव छापलेले असते, पत्ता असतो, प्रदर्शनांत मिळालेली पदके असतात, एखाद्या लाटसाहेबाच्या आश्रयाचा उल्लेख असतो, आणि सगळ्यांच्या खाली बारीक टाइपात एक ओळ असते : निगेटिव्ह जपून ठेवली आहे, जादा प्रती केव्हाही मिळतील. थोड्याफार फरकाने ही ओळ लंडनच्या पुठ्ठ्यांवर आहे, कलकत्त्याच्या आहे, मुंबईच्याही आहे. वाचणाऱ्याला ती गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी घातलेली वाटते, आणि तशी ती होतीही. परंतु तीत एक दावा दडलेला आहे. चेहरा तुमचा, पैसे तुमचे, कागद खुशाल घरी न्या. मात्र ज्या काचेतून तो कागद निघाला ती काच आमची.

मग फोटो कोणाचा? कॅमेऱ्याचे बटण दाबणारा म्हणतो, माझा. त्याला पगार देणारा दुकानदार म्हणतो, माझा. पैसे मोजणारा गिऱ्हाईक तेच म्हणतो. ज्याचा चेहरा कागदावर उमटला त्याला बहुधा कोणी विचारीत नाही. या भांडणाचा निकाल लावण्याचा प्रयत्न निरनिराळ्या देशांतली न्यायालये आणि कायदेमंडळे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास करीत आली आहेत. हे निकाल वाचताना माझे एक मत बनत गेले. कायद्याने फोटोच्या ‘कर्त्या’चा शोध मोठ्या गांभीर्याने केला खरा, परंतु शेवटी हक्क टांगला तो हाताला लागणाऱ्या एखाद्या खुंटीवर. पुष्कळ काळ ही खुंटी म्हणजे निगेटिव्हची काच होती. डिजिटल फोटोने ती काच नाहीशी केली, आणि आज जो घोळ आपल्याला दिसतो त्याचे मूळ तिथे आहे.

आरंभी हा प्रश्न नव्हताच. १८३९ साली दागेरची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली. फ्रेंच सरकारने त्याला आणि त्याच्या दिवंगत भागीदाराच्या मुलाला पेन्शन बांधून दिली आणि ही विद्या जगाला मोकळी केली. मौज अशी की, त्याच्या अगोदर काही दिवस इंग्लंडमध्ये मात्र तिचे पेटंट घेऊन ठेवलेले होते. दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. असा फोटो दागिन्यासारखा असतो. ज्याच्या पेटीत तो, त्याच्या मालकीचा. त्याच सुमारास इंग्लंडात टॅलबटने कागदावर उलटे चित्र घेऊन त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची युक्ती शोधली आणि १८४१ साली तिचे पेटंट घेतले. निगेटिव्ह जन्माला आली आणि तिच्याबरोबर भांडणही जन्माला आले, कारण आता चित्र एकाच्या घरी आणि चित्राची खाण दुसऱ्याच्या घरी, असे होऊ लागले. टॅलबटला तर फोटोच काय, फोटो काढण्याची क्रियाही आपल्या मालकीची वाटत होती. १८५४ साली लारोश नावाच्या एका धंदेवाईक फोटोग्राफरवर त्याने दावा लावला. ज्यूरीने शोधाचा मान टॅलबटला दिला, परंतु लारोशची काचेवरची नवी पद्धत त्याच्या पेटंटात येत नाही असे ठरवले. काचेवरची ही पद्धत आर्चर नावाच्या माणसाने १८५१ साली प्रसिद्ध केली होती, आणि पेटंट न घेता. पुढे कित्येक वर्षे जगातले बहुतेक फोटो त्याच्या पद्धतीने निघाले. त्याच्या वाट्याला पैसा काही आला नाही.

न्यायालयांपुढे पहिली अडचण तात्त्विक होती. कॉपीराइट हा कर्त्याचा हक्क. आणि फोटो तर सूर्य काढतो, यंत्र काढते! पॅरिसमध्ये मायेर आणि पिएर्साँ या स्टुडिओने काढलेल्या काव्हूर आणि पामर्स्टन यांच्या फोटोंच्या नकला दुसऱ्यांनी विकल्या, तेव्हा हा वाद १८६२ साली वरच्या न्यायालयापर्यंत गेला. फोटोत कलेचा अंश असू शकतो आणि म्हणून त्याला संरक्षण मिळू शकते, असा निकाल झाला. त्यावर अँग्र आणि इतर चित्रकारांनी सह्या करून निषेध नोंदवला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. आपण सहा महिने बसून जे करतो ते शेजारचा दुकानदार दहा सेकंदांत करतो आणि वर स्वतःला कर्ता म्हणवतो, हे कोणत्या चित्रकाराला रुचेल?

त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने चित्रे, रेखाटने आणि फोटो यांच्यासाठी एकच कायदा केला. तात्त्विक वादात न शिरता त्याने फोटोग्राफरला कर्ता मानले, कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि पुढे सात वर्षे हक्क दिला. आणि लगेच एक पाचर मारून ठेवली. मोबदला देऊन दुसऱ्या कोणी फोटो काढवून घेतला असेल तर, लेखी काही ठरले नसल्यास, हक्क त्या पैसे देणाऱ्याचा. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे दीडशेहून अधिक वर्षे आपला पिच्छा पुरवणार आहे.

अमेरिकेतली गोष्ट याहून रंगतदार आहे. तिथल्या यादवी युद्धाचे फोटो जगाला मॅथ्यू ब्रेडीच्या नावाने ठाऊक झाले. ब्रेडीची दृष्टी फार अधू होती, आणि रणांगणावरचे पुष्कळसे फोटो त्याच्या पगारी माणसांनी काढले. छाप मात्र ब्रेडीची. अलेक्झांडर गार्डनर त्याच्याकडून फुटून निघाला आणि १८६६ साली त्याने युद्धाचे स्वतःचे पुस्तक काढले. त्यात प्रत्येक फोटोखाली दोन नावे आहेत. निगेटिव्ह अमक्याची, त्यावरून काढलेली प्रत तमक्याची. धन्याने नोकराला इतक्या स्पष्टपणे श्रेय दिल्याचे उदाहरण त्या काळात मला दुसरे आढळले नाही. ब्रेडीची पुढची कथा करुण आहे. तो कर्जात बुडाला. गोदामाचे भाडे थकले म्हणून त्याच्या काचांचा एक मोठा साठा लिलावात निघाला आणि १८७४ साली सरकारच्या युद्धखात्याने तो २,८४० डॉलरना उचलला. पुढल्या वर्षी काँग्रेसने २५,००० डॉलर मंजूर करून हक्काची बाजू पक्की केली. आधी काच घेतली आणि मग हक्क, हा क्रम मला फार बोलका वाटतो. काचेला आणि हक्काला दोन वेगळ्या किमती होत्या, हे त्या व्यवहारात उघड्यावर आले.

तोवर अमेरिकेच्या काँग्रेसने १८६५ साली फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह कॉपीराइटच्या यादीत घातल्या होत्या. परंतु तिथल्या राज्यघटनेत हक्क आहे तो ‘कर्त्यांना’, त्यांच्या ‘लेखना’साठी. फोटो म्हणजे लेखन कसे? हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो ऑस्कर वाइल्डच्या निमित्ताने.

१८८२ च्या जानेवारीत वाइल्ड व्याख्यानांसाठी न्यू यॉर्कला उतरला. त्या वेळी त्याची कीर्ती होती ती मुख्यत्वे पोशाखाची आणि बोलण्याची. ज्या नाटकांनी तो पुढे ओळखला गेला ती अजून लिहावयाची होती. नेपोलियन सॅरोनी हा त्या शहरातला नटनट्यांचा फोटोग्राफर. त्याने वाइल्डला मखमली कोट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि रेशमी मोजे अशा थाटात बसवून अनेक फोटो काढले. त्यातला अठरा नंबरचा फोटो बरो-जाइल्स नावाच्या शिळाछापवाल्या कंपनीने परस्पर छापला. एक जाहिरात करावयाची होती, तिच्यासाठी. ८५,००० प्रती छापल्या. सॅरोनीने दावा लावला. कंपनीच्या वकिलाचे म्हणणे चतुर होते : यंत्रापुढे जे उभे होते तेच यंत्राने टिपले, यात सॅरोनीने नवीन निर्माण केले ते काय?

१८८४ च्या मार्चमध्ये निकाल लागला तो सॅरोनीच्या बाजूने. न्यायमूर्ती मिलर यांनी म्हटले ते थोडक्यात असे की, या माणसाने वाइल्डला कसे बसवावयाचे ते ठरवले, कपडे, पडदे, सामान निवडले, उजेड आणि सावली यांची मांडणी केली, चेहऱ्यावर हवा तो भाव आणवला. या सगळ्यातून हे चित्र निर्माण झाले, म्हणून तो कर्ता. नुकसानभरपाई ६१० डॉलरची. निकाल उत्तम आहे, आजही त्याचा आधार घेतला जातो. पण त्यात दोन गोष्टी झाकल्या गेल्या आहेत. एक तर सॅरोनी स्वतः सहसा कॅमेऱ्यामागे उभा राहत नसे. मांडणी तो करी, काच आत घालणारा आणि झाकण उघडणारा माणूस वेगळा असे. आणि दुसरी म्हणजे वाइल्ड. तो कोट, ते मोजे, मान कलती ठेवण्याची ती लकब हे सॅरोनीने निर्माण केले असे म्हणावयाला न्यायालय तयार झाले. पण त्या सोंगावर वाइल्डने स्वतः केवढी मेहनत घेतली होती! जगात कोणी आपला चेहरा हेच आपले लेखन मानले असेल तर ते ऑस्कर वाइल्डने. त्याचे नाव त्या निकालात आले ते फोटोचा विषय म्हणून.

याच्या आदल्याच वर्षी, १८८३ साली, लंडनच्या अपील कोर्टापुढे असाच पेच उभा राहिला होता. ऑस्ट्रेलियन क्रिकेटच्या चमूचा फोटो विकला जाईल असे एका बड्या फोटो-कंपनीच्या व्यवस्थापकाच्या मनात आले. त्याने खेळाडूंशी बोलणे केले, कंपनीचा माणूस गेला, फोटो काढून आला. कंपनीच्या मालकांनी नोंदणी करताना कर्ता म्हणून आपली नावे लिहिली. नक्कल करणाऱ्यावर दावा लावला तेव्हा न्यायाधीशांनी विचारले, तुम्ही कर्ते कसे? तुम्ही तर दुकानात होता. कर्ता तो, ज्याने माणसांची मांडणी केली आणि चित्राला रूप दिले. मालकी भांडवलाची आहे म्हणून कर्तेपण येत नाही. नोंदणी खोटी ठरली आणि मालक हरले. पण फोटो काढणाऱ्या त्या नोकराचे तरी भले झाले का? तो या दाव्यात पक्षकारही नव्हता. मला हा निकाल वाचताना नेहमी वाटते की, न्यायाधीशांनी सत्य ओळखले, पण ते ज्याच्या उपयोगी पडावयाचे त्याला त्याचा पत्ता लागला नसेल.

आता आपल्याकडे वळू. मुंबईला फोटोग्राफी फार लवकर पोचली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात पुढे होते. याच शहरातल्या विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींचे फोटो असलेले दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातली मेख अशी की, माणसांचे फोटो स्टुडिओत काढून ते निराळ्याच देखाव्यांवर बसवलेले आहेत. संगणकावर पार्श्वभूमी बदलण्याच्या हल्लीच्या खोडीला आपण नव्या युगाचे पाप म्हणतो. ती मुंबईत १८६३ साली कात्री आणि काचेने होत होती. त्यात उभे असलेल्या माणसांपैकी कितीजणांना आपण कुठल्या देवळापुढे उभे आहोत हे कळले असेल?

जॉन्सनच्या खंडांपाठोपाठ सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. साडेचारशेहून अधिक फोटो, आणि प्रत्येकाखाली त्या जमातीच्या गुणावगुणांविषयी साहेबाचे शेरे. १८६९ साली सर सय्यद अहमद खान आपल्या मुलांना घेऊन लंडनला गेले असता इंडिया ऑफिसात त्यांना हे पुस्तक पाहावयास मिळाले. मुलगा पाने उलटीत असता एका इंग्रज तरुणाने त्याला, तू हिंदुस्थानी का, असे विचारले. हो म्हणताना मुलाचा चेहरा उतरला, आणि आपले पूर्वज दुसऱ्या देशातून आलेले, अशी पुस्ती त्याने घाईने जोडली. सर सय्यदांना याचे फार वाईट वाटले, आणि ते त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात लिहून ठेवले आहे. फोटोत दिसणाऱ्याचा त्या फोटोशी संबंध काय, हा प्रश्न आमच्या इतिहासात न्यायालयात उभा राहण्याआधी असा एका मुलाच्या चेहऱ्यावर उभा राहिला.

न्यायालयात तो उभा राहण्याची सोयच नव्हती. हिंदुस्थानात १८४७ चा जो कॉपीराइटचा कायदा होता तो पुस्तकांचा होता. विलायतेतला १८६२ चा कायदा युनायटेड किंगडमच्या बाहेर चालत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली कॅनडातून आलेल्या एका अपिलात स्पष्ट केले. म्हणजे राजा दीनदयाळांनी निजामाच्या दरबारात फोटो काढले, १८९६ साली मुंबईत मोठा स्टुडिओ उघडला, तोवर या देशात फोटोला स्वतःचा असा कायदा नव्हता. जी काही मालकी होती ती काचेची. काच ज्याच्या कपाटात, तो धनी. १८९२ साली दीनदयाळांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपवला. आत जाणाऱ्या स्त्रियांची अब्रू भिंती राखीत होत्या. पण फोटो निघून गेल्यावर मागे राहिलेल्या काचांचे काय? घरच्या पुरुषांनी फोटोच्या किमतीआधी हा प्रश्न विचारला असेल, असे मला वाटते.

विलायतेत एका बाईला तो विचारावा लागला होता. १८८८ साली एका फोटो-कंपनीने तिच्या फोटोवर वेलबुट्टी काढून त्याचे नाताळचे कार्ड बनवले आणि दुकानाच्या खिडकीत मांडले. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी कंपनीला मनाई केली. काच तुमची असेल, परंतु ती तुमच्या हाती आली ती या बाईने विश्वासाने तुमच्यापुढे बसून पैसे दिले म्हणून. तिच्या ऑर्डरीबाहेर त्या काचेतून एकही प्रत काढण्याचा अधिकार तुम्हाला नाही. पुठ्ठ्यामागच्या त्या बारीक ओळीचा खरा अर्थ इतका स्वच्छपणे दुसऱ्या कोणी सांगितला असेल असे मला वाटत नाही.

१९११ च्या ब्रिटिश कायद्याने काचेलाच सिंहासनावर बसवले. निगेटिव्ह तयार झाली त्या क्षणी ती ज्याच्या मालकीची, तोच कर्ता समजावा, आणि हक्क निगेटिव्ह बनल्यापासून ५० वर्षे. १८८३ साली न्यायाधीशांनी ज्याला नाकारले तो दुकानाचा मालक असा मागच्या दाराने कर्ता झाला. मात्र मोबदला देऊन काढवलेल्या फोटोत पहिला हक्क गिऱ्हाइकाचा, ही १८६२ ची पाचर कायम राहिली. हाच कायदा थोड्या फेरफारांसह १९१४ च्या अधिनियमाने हिंदुस्थानला लागू झाला. परिणाम गमतीचा होता. आपल्या आजोबांच्या लग्नानंतरच्या फोटोत काच स्टुडिओची आणि हक्क आजोबांचा. स्टुडिओला हक्काशिवाय काच वापरता येत नव्हती, आजोबांना काचेशिवाय हक्क वापरता येत नव्हता. आजोबांना आपल्याला असा काही हक्क आहे हे ठाऊकही नव्हते, आणि स्टुडिओवालाही त्या बाबतीत अज्ञानातच सुखी होता. त्यामुळे भांडणे झाली नाहीत.

स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. तो १९५८ च्या जानेवारीत अमलात आला. त्याने काचेला पदच्युत केले. फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती, असे साध्या शब्दांत सांगितले, फोटोत कलागुण असो वा नसो त्याला कलाकृती मानले, आणि गिऱ्हाइकाची पाचर सतराव्या कलमात पुन्हा ठोकली. नेमक्या त्याच १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल किर्श या संशोधकाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो एका यंत्राखाली फिरवून तो आकड्यांत उतरवला आणि संगणकात घातला. १७६ ठिपके आडवे, १७६ उभे. आमच्या संसदेला याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. तरी कायद्यात फोटोची व्याख्या करताना फोटोग्राफीसारख्या इतर कोणत्याही प्रक्रियेने केलेली कृती असे शब्द पडले होते, आणि डिजिटल फोटो आज कायद्याच्या घरात शिरतो तो या दारानेही. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसनने जो डिजिटल कॅमेरा जोडला त्यात १०,००० ठिपक्यांचे एक चित्र कॅसेटवर उतरावयाला २३ सेकंद लागत. निगेटिव्ह नव्हती. जगातल्या सर्वांत मोठ्या फिल्म-कंपनीत हे घडले, हा नियतीचा विनोद आहे.

निगेटिव्ह गेल्याने काय गेले, हे एकदम लक्षात येत नाही. काच एक असते. तिच्यावरून निघालेल्या प्रती तिच्या लेकरांसारख्या. कोणती आधीची, कोणती नंतरची हे सांगता येते. डिजिटल फोटोची प्रत आणि मूळ यांत फरक नाही. फोटो कोणी, केव्हा, कोणत्या कॅमेऱ्याने काढला याची नोंद फाइलच्या पोटात असते, पण मोबाइलवरून फोटो चार जणांना धाडला की ती बहुधा गळून पडते. अशी हक्कविषयक माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो पुढे ढकलणाऱ्या काकामामांना हे कोणी सांगू नये.

सतराव्या कलमाची पाचर मात्र आज जास्त टोचते. लग्नाच्या फोटोग्राफरला लाखाच्या घरात रक्कम दिली जाते. लेखी उलट ठरले नसेल तर त्या फोटोंचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा आहे. तरी फाइली अडवून ठेवणे, अल्बमखेरीज प्रती हव्या असल्यास वेगळे पैसे मागणे आणि नवरीचा फोटो स्वतःच्या जाहिरातीत न विचारता लावणे हे सर्रास चालते. हल्ली शहाणे फोटोग्राफर करारात तशी कलमे घालतात, आणि गिऱ्हाईक मांडवाच्या गडबडीत न वाचता सही करते. फोटोग्राफरची बाजू अगदीच लंगडी आहे असेही नाही. हक्क गेला तरी कर्ता म्हणून आपले नाव लागावे आणि आपल्या कामाची मोडतोड होऊ नये, हा अधिकार सत्तावन्नाव्या कलमाने त्याच्याकडे राहतो. तो मागणारा फोटोग्राफर मी अद्याप पाहिला नाही. सगळे भांडण फाइलींचे.

इतिहासाच्या अभ्यासकाला निराळाच काच आहे. काही वर्षांपूर्वी एका लेखासाठी मला १८९० च्या दशकातला एक सामूहिक फोटो हवा होता. तो ज्या संस्थेकडे आहे तिने त्याची डिजिटल प्रत देण्यासाठी शुल्क मागितले, ते रास्तच होते. पण सोबत एक प्रतिज्ञापत्र होते, या छायाचित्राचा कॉपीराइट संस्थेचा आहे असे मी मान्य करतो म्हणून. फोटो कोणी काढला, असे विचारले तर ते कोणालाही ठाऊक नव्हते. १९११ च्या हिशेबाने पाहिले तरी त्या फोटोचा हक्क १९४० च्या दशकातच संपला होता. संस्थेकडे होता तो कागद. तो तिने वाळवीपासून राखला, त्याबद्दल तिचे आभार. पण जपणूक हा एक गुण आहे आणि कॉपीराइट ही दुसरी वस्तू आहे. जुन्या चित्राची हुबेहूब छबी घेतल्याने नवा कॉपीराइट निर्माण होत नाही, असे न्यू यॉर्कच्या एका न्यायालयाने १९९९ सालीच म्हटले आहे. आमच्याकडच्या संग्रहालयांनी तो निकाल मानावा असे बंधन नाही, पण वाचावयाला हरकत नसावी. मी सही केली. फोटो हवा होता.

त्यातून २०१२ साली कायदा बदलला. पूर्वी फोटोचा हक्क प्रसिद्धीपासून मोजला जाई, आधी ५० आणि १९९२ पासून ६० वर्षे. आता तो पुस्तकाप्रमाणे कर्त्याच्या हयातीपर्यंत आणि नंतर ६० वर्षे. फोटोग्राफरला लेखकाच्या पंगतीला बसवले, हे न्याय्यच झाले. परंतु मोजणीची सुरुवात आता एका माणसाच्या मृत्यूपासून करावयाची, आणि आमच्या जुन्या फोटोंखाली नाव असते ते दुकानाचे. दुकान मरत नाही, बंद पडते. कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्डचा जुना साठा १९९१ च्या आगीत बराचसा जळाला आणि २०१६ साली दुकानही मिटले. ज्यांनी तिथे पिढ्यानुपिढ्या झाकण उघडले आणि लावले त्यांची नावे कुठे शोधावयाची?

कर्ता माणूसच असावा लागतो का, हाही प्रश्न मधल्या काळात विचारून झाला. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर २०११ साली एका माकडाने डेव्हिड स्लेटर या इंग्रज फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याने स्वतःचा दात विचकलेला फोटो काढला. प्राणिमित्रांच्या एका संस्थेने माकडाच्या वतीने अमेरिकेत दावा लावला. २०१७ साली तडजोड झाली, आणि २०१८ साली अपील कोर्टाने माकडाला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही असे सांगितले. जगभर हसू झाले. स्लेटरने मात्र सांगितले होते की, माकडांचा विश्वास मिळवण्यात त्याचे दिवस गेले, कॅमेरा त्याने मांडला, भिंग त्याने जुळवले. १८८४ च्या न्यायमूर्ती मिलरांपुढे तो उभा असता तर त्याचे म्हणणे इतक्या हसण्यावारी गेले नसते.

माकड लांबचे, रायगडावर दर रविवारी घडते ते पाहा. कुटुंब जगदीश्वराच्या देवळापुढे उभे राहते आणि बाप आपला मोबाइल वाटेने जाणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या मुलाच्या हाती देतो. ‘दादा, एक फोटो काढता का?’ १९११ च्या कायद्याने हा फोटो बापाचा झाला असता, कारण काच म्हणा, मोबाइल म्हणा, त्याच्या मालकीचा. १८८३ च्या न्यायाधीशांनी माणसे कोणी मांडली ते विचारले असते; आणि बहुधा ती आईने मांडलेली असतात. आजच्या कायद्याप्रमाणे कर्ता तो मुलगा. पैसे घेतलेले नाहीत, तेव्हा सतरावे कलम लागू नाही, आणि हक्कही त्याचाच. तो मोबाइल परत देतो, नाव कोणी विचारीत नाही, आणि फोटो घरी पोचण्याच्या आत तो टकमकाकडे निघून गेलेला असतो.